राधाकिसनमामांच्या नावेचं ठिगळ

मुंबईच्या गोदीत लोखंडी जहाज फुटलं की काचेच्या धाग्याचं कापड राळेनं चिकटवतात, असं बिरूनं सांगितलं तेव्हा अख्खं शहागड पोट धरून हसलं. राळेचे डबे उचलायचंच काम करून आल्ता गडी, पण बघून बघून शिकला होता!

नेमकी राधाकिसनमामांची मेंढरं गोदावरीपार न्यायची लोखंडी नाव बुडाला फुटलेली. पत्रा गंजून इतका पातळ, की वेल्डरनं हात जोडले. मामा बिरूला म्हणाले, "ठिगळ टिकलं तर आमची बेबीनंदा तुझी. न्हाई टिकलं, तर ह्या वाटेला फिरकू नको." बेबीनंदेसाठी बिरू गोदावरीसुद्धा चिकटवायला तयार होता.

नाव काठावर पालथी घातली. त्यानं दोन दिवस पत्रा घासला, होतं तेवढ्या थिनरनं पुसला. "आता कुणी बोट लावायचं न्हाई. तेलकट राह्यलं की चिकटत न्हाई." मंग राळेत हार्डनर कालवला. आता अर्ध्या तासात राळेचा दगड होणार.

तेवढ्यात बेबीनंदेची आई, गिरिजामामी, वाटी घेऊन आल्या. कामाआधी तेल-शेंदूर नको? बिरू तोंड उघडेपर्यंत भोकाभोवती पाची बोटं उमटली, वर तेलाची धार!

थिनरचा डबा तर रिकामा, राळ घट्ट व्हायला लागलेली. आणि होणाऱ्या सासूला बोलायची छाती कुठून आणावी? "लई बेस झालं, मामी," म्हणालं ते भित्रं बेणं. बाहीनं पुसल्यासारखं केलं आणि कापड चिकटवलं.

दोन दिवसांनी मामा, मामी, बिरू आणि सात मेंढरं नावेत बसली. चार हात गेली नसतील, तर ठिगळ पापडासारखं सुटलं आणि नाव खाली बसली. पाणी कमरेएवढंच म्हणून निभावलं. एक मेंढरू मामांच्या मानेवर चढलं.

"चूक कुणाची?" मेंढराखालून मामा गरजले.

पाण्यातून वर काढलेलं ठिगळ आतून लालभडक होतं. मामींचा चेहरा पार उतरला. बिरू म्हणाला, "माझीच, मामा. घासण्यात कसर राह्यली."

"झूट!" मामी कडाडल्या. "तेल मी लावलं. त्याला जल्दी थिनर आणून द्या, परत चिकटवू द्या."

"आन् तरी न्हाई टिकलं तर?"

"तरी पोरगी यालाच. दुसऱ्याची चूक आपल्यावर घेणारा माणूस तीस वर्षांत मी या घरात पाह्यला न्हाई!"

मामांनी मेंढरू खाली उतरवलं आणि थिनर किती लागंल, ते बिरूला विचारलं.