कोण भारी, अण्णा का स्वप्निल?

हा प्रश्न मीच विचारला होता, त्यामुळं त्याचं पाप दुसऱ्या कोणाच्या माथी मारायची सोय नाही. कळमनुरीत बसस्टँडमागं माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, बारशी, पासपोर्ट फोटो, येईल ते काम. गेली पाच वर्षं त्याच दुकानात मी दर शनिवारी एक कार्यक्रम शूट करतो, 'शनिवारची फोडणी'. तालुक्याच्याच बातम्या, पण टिंगल करत सांगायच्या. केबलवर दाखवतो आणि यूट्यूबवर टाकतो. मागं रिसेप्शनचा निळा पडदा, पुढं टेबल आणि टेबलामागं बातम्या सांगणारा. मोठ्या चॅनलवर असतं तसंच सगळं, फक्त आमच्याकडं शूटिंगला पंखा बंद ठेवावा लागतो, कारण तो खडखडतो.

पहिली चार वर्षं त्या टेबलामागं देविदासअण्णा बसायचे. अण्णा शिंपी, पण त्यांचं नाव शिलाईपेक्षा झडत्यांसाठी जास्त. पोळ्याला बैल तोरणाखाली उभे राहिले की गावातल्या बड्या धेंडांना यमकात टोमणे हाणायचे, त्या झडत्या. त्या दिवशी कोणी काही म्हटलं तरी रागवायचं नाही, ही रीत. अण्णांनी तीच रीत माझ्या पडद्यापुढं आणली. गळ्यातला टेप काढून रस्त्यातल्या खड्ड्याचं माप घ्यायचे आणि कॅमेऱ्याकडं बघून विचारायचे, "कंबर छत्तीस, खोली अठरा. साहेब, ह्याला कापड किती लागंल?"

त्यांचा एक नेम मात्र मला डोक्यात जायचा. ज्याची टिंगल करायची त्याच्या घरी आधी जायचं, पाणी प्यायचं, चार गोष्टी बोलायच्या आणि उठताना सांगायचं, "येत्या शनिवारी तुमचा नंबर हाय." मी कुरकुर केली की म्हणायचे, "ज्याच्या घरचं पाणी पिलो न्हाई, त्याची चेष्टा करायचा आपल्याला हक न्हाई, विजू." दोन मिनिटांच्या बातमीसाठी माझा निम्मा दिवस मोटारसायकलवर जायचा.

उत्तमसिंगची गाठ अशीच पडली. वारंगा फाट्याच्या अलीकडं एक तांडा आहे, तिथं तो नळाचं पाणी सोडायचा. मोटार चालू करायची, टाकी भरली की वॉल फिरवायचा. तीन वर्षांपूर्वी तांड्याला आठ दिवस पाणी मिळालं नाही, तेव्हा अण्णा त्याच्या घरी गेले, पाणी पिले, त्याचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि शनिवारी म्हणाले:

"टाकी आमची लई उंच, ढगाशी करते बात,
चावी उत्तमसिंगच्या हाती, पाणी कोणाच्या हातात?"

लोक हसले आणि मग पंचायतीत जाऊन तेच विचारायला लागले. पाच दिवसांत मोटारीची नवी केबल आली. उत्तमसिंगनं तो व्हिडिओ पाहुण्यारावळ्यांना वर्षभर दाखवला. बाजारात भेटला की मला हटकून म्हणायचा, "विजूभाऊ, परत कधी आमचा नंबर?"

मग स्वप्निल आला. नांदेडला पत्रकारिता शिकलेलं पोरगं, जिभेला धार, अंगात दम आणि कोणाच्या बापाला भीत नाही असा थाट. मी एक शनिवार अण्णांना आणि एक त्याला दिला. तिथून तालुक्याला नवा धंदा मिळाला. चहाच्या हॉटेलात, सलूनमध्ये, बाजारात एकच वाद. कोणी म्हणायचं, अण्णांची गोष्ट घरी गेल्यावर आठवते. कोणी म्हणायचं, आठवत बसायला वेळ कोणाला आहे, स्वप्निल जागेवर हसवतो. आमच्या हॉटेलवाल्यानं तर निकालच लावला होता, "अण्णा चिमटा काढतो, स्वप्निल चामडं काढतो. लोकायला आता चामडंच पायजे."

ते ऐकून मला मोठी अक्कल सुचली. चॅनलवर मी मतदान ठेवलं, कोण भारी, अण्णा का स्वप्निल? अण्णा आपटले, आणि चांगलेच आपटले. निकाल त्यांनी माझ्याच दुकानात, माझ्याच मोबाईलवर बघितला. टेप बोटाभोवती गुंडाळत म्हणाले, "पोराच्या तोंडावर उजेड कमी पडून राहिला, विजू. एक लाइट वाढव." पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. मीही बोलवायला गेलो नाही, कारण खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं होतं.

ह्या मार्चमध्ये उत्तमसिंगच्या पोरीचा, शिलाचा साखरपुडा होता आणि शूटिंगला मी गेलो होतो. तांड्याची मोटार जळून अकरा दिवस झाले होते. पंचायतीला तीन अर्ज देऊन झाले, असं त्यानं मला गेल्यागेल्याच सांगितलं. त्याच्या बायकोनं, अनुसयाबाईनं मला तांब्याभर पाणी दिलं. दूरच्या विहिरीवरून डोक्यावर आणलेलं. मी गटागटा पिलो. मग वाजंत्री सुरू झाली, बायांनी उत्तमसिंगच्या डोक्यावर पितळेची घागर ठेवली आणि तो नाचला. पन्नाशीचा माणूस, पण काय नाचला! घागर हलत नव्हती आणि तोंडावरचं हसू मावळत नव्हतं. पोरीचं चांगलं जमलं म्हणून बाप नाचत होता, एवढंच होतं ते.

दोन दिवसांनी स्वप्निल दुकानात आला, तेव्हा मी तेच एडिट करत होतो. तो खुर्चीतून उठलाच. "हे द्या मला. टाकी कोरडी अन् पाणी सोडणारा नाचतो! ह्याच्यापेक्षा भारी काय पायजे?"

मी म्हटलं, "तांड्यावर एक चक्कर मारून येऊ. त्याला सांगू तरी."

"अन् तो न्हाई म्हणाला तर? काका, तुमी अजून अण्णाच्या शाळेतून बाहेर येऊनच न राहिले."

हे मला लागलं. मागासलेला ठरायची भीती माणसाला कुठवर नेते बघा. मी क्लिप दिली. नुसती दिली नाही, त्याला पाहिजे तशी कापून दिली. शनिवारी स्वप्निल टेबलामागं बसला आणि म्हणाला, "तांड्यावर आज पाण्याविना पंधरावा दिवस. पण काळजी नको, पाणी सोडणारे उत्तमसिंग खुशीत आहेत. बघा, घागर भरलेली आहे आणि थेंबसुद्धा सांडत नाही. सांडंल कसा? घरचं पाणी आहे ते!" आणि मग स्लो मोशनमध्ये उत्तमसिंग. घागर रिकामी होती हे मला पक्कं माहीत होतं. तरी मी लाइटमागं उभा राहून हसलो.

तीन दिवसांत चार लाख लोकांनी बघितलं. आमच्या चॅनलचं कुठलंच काही तोवर वीस हजारांच्या वर गेलं नव्हतं. ह्या खेपेला पाणी कोणाच्या हातात, हे विचारायला पंचायतीत कोणी गेलं नाही. गरजच काय होती? गुन्हेगार डोक्यावर घागर घेऊन पडद्यावर नाचत होता. आठवड्यात पंचायतीनं त्याला कामावरून काढलं, तरी मोटार पुढचे पंधरा दिवस तशीच जळकी पडून होती. आठवडी बाजारात पोरं त्याला बघितलं की डोक्यावर पिशवी ठेवून कंबर हलवायची. त्यानं बाजाराला येणं सोडलं. हे सगळं माझ्या कानावर येत होतं, आणि मी व्हिडिओ काढला नाही. चालत होता ना!

मे महिन्यात शिलाचं लग्न होतं. शूटिंग आधीच ठरलेलं होतं. उत्तमसिंग मला नको म्हणेल अशी मी वाट बघत होतो, नव्हे, तसा नवसच केला होता. पण निरोप आला नाही आणि मला जावं लागलं. मांडवाच्या तोंडाशी अनुसयाबाईनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "घ्या," एवढंच म्हणाली. त्या एका शब्दापेक्षा तिनं तांब्या फेकून मारला असता तर मला सोपं गेलं असतं.

मांडवात देविदासअण्णा होते. उत्तमसिंगनं स्वतः जाऊन त्यांना आवतन दिलं होतं. दोघं शेजारी बसले होते, मी कॅमेरा तिकडं वळवला आणि उत्तमसिंग उठून गेला. मला वाटलं, काही काम असेल. हळद लावताना कॅमेरा वळवला, तो खांबामागं गेला. पाहुणे गळ्यात पडत होते तिथं गेलो, त्यानं उपरणं तोंडावर ओढलं आणि पाठ केली. भांडण नाही, शिवी नाही. कॅमेरा आला की माणूस तिथून नाहीसा.

मी अण्णांजवळ गेलो. "अण्णा, दोन शिव्या देऊन मोकळा का होत नाही हा? पोळ्याला तुम्ही काय कमी बोलता लोकांना?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "पोळ्याचं तोरण त्याच दिवशी तोडतेत, विजू. मग ज्यानं त्यानं आपापला बैल घेऊन घरी जायचं. तुमचं तोरण तसंच बांधून हाय. रोज कोणी ना कोणी त्याला त्याच्याखाली उभं करून राहिलं."

दुपार कलली आणि पाठवणीची वेळ झाली. तांड्यावर पोर सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून, गाऊन रडते. शिला आईच्या गळ्यात पडली, चुलतीच्या पडली, आत्याच्या पडली. मग तिनं मान वर केली आणि ती बापाला शोधायला लागली. "बापू! बापू कुठं हाय?" उत्तमसिंग पार लांब, पंपाच्या खोलीच्या भिंतीला टेकून उभा होता.

मी कॅमेरा बंद केला. खाली मातीत ठेवला आणि त्याच्याकडं चालत गेलो. दोन्ही हात मोकळे करून दाखवले. "उत्तमभाऊ, बंद केला. बघा, काहीच न्हाई हातात. चला, पोरगी खोळंबली."

त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्याशी बोलला. "तुमचा बंद झाला. त्यायचे?"

मी वळून बघितलं. मांडवातला प्रत्येक जण मोबाईल वर धरून उभा होता. निम्म्यांचे मोबाईल पोरीकडं होते, निम्म्यांचे आमच्याकडं वळले होते. तो आला नाही. जीप हलली तेव्हा शिला मागच्या काचेतून भिंतीकडं बघत होती.

महिन्याभरानं ती नवऱ्याबरोबर पेन ड्राइव्ह न्यायला दुकानात आली. म्हणाली, एकदा इथंच बघते. अडीच तासांचं लग्न. ती पुढं सरकवत बघत होती, थांबवत होती, मागं नेत होती. मला माहीत होतं ती काय शोधते. मी ते आधीच शोधून दमलो होतो.

"बापू कुठंच न्हाई," ती म्हणाली.

पन्नास माणसांचं जेवण दिसत होतं, नवरदेवाचा मामा सात वेळा दिसत होता. पोरीच्या लग्नात पोरीचा बाप नव्हता.

"ते सगाईचं टाका मग ह्याच्यात. घागरीचं."

"शिला, ते..."

"तेवढंच हाय ना बापूचं. हसून राहिलेलं."

मी जुनी फाईल उघडली. स्वप्निलची नाही, माझी मूळची, न कापलेली. उत्तमसिंग नाचला, तोंडभर हसला, वाजंत्री थांबली. तिथं स्वप्निलच्या कार्यक्रमातली क्लिप संपते. इथं संपत नव्हती. इथं तो धापा टाकत थेट कॅमेऱ्यापुढं आला, डोक्यावरची घागर उतरवली आणि माझ्यापुढं उलटी केली. आतून काही पडलं नाही. "अकरा दिवस झाले, विजूभाऊ," तो हसत म्हणत होता. "आता अण्णाला सांगा, आमचा नंबर लावा म्हणावं."

दहा-बारा सेकंद असतील. ते मीच कापले होते.

शिलानं ते परत लावायला सांगितलं. परत बघितलं. मग माझ्याकडं वळून साधेपणानं विचारलं, "हे काहून न्हाई दाखवलं तुमी?"

ते दाखवलं असतं तर कोणी हसलं नसतं. खरं उत्तर एवढंच होतं. मी ती न कापलेली फाईल तिच्या पेन ड्राइव्हवर टाकली.