उभ्या उभ्या उतरणारी बॅटरी

"दिवा राहिला असेल, सिस्टर," बॉनेटखाली डोकं घातलेला वायरमन म्हणाला. "उभ्या गाडीची बॅटरी उतरली की बहुतेक वेळा तेच निघतं."

"मी दिवे बंद केले होते."

"आई, तुला वाटतं बंद केले होते," मुलगा मागून म्हणाला. रजा काढून तो मुद्दाम बरोबर आला होता. बोलला तो प्रेमानेच, पण ते 'वाटतं' सिस्टरांना नेमकं टोचलं.

सिस्टर घरोघरी जाऊन बाळंतपणं करायच्या. चण लहान, चालणं भरभर आणि जीभ त्याहून भरभर. बाजारात एखादा दाढीवाला बाप्या "सिस्टर, मीही तुमच्याच हातचा बरं का" म्हणून वाकला, की त्या त्याला आपादमस्तक न्याहाळून म्हणायच्या, "आठवतंय. रडायला तयारच नव्हतास. चापटी मारावी लागली होती." खरं-खोटं त्यांनाच ठाऊक, पण दाढीवाला खूश होऊन जायचा.

अशा बाईची गाडी हल्ली रोज सकाळी रुसून बसायची. चावी फिरवली की नुसतं 'टक्'. नवी बॅटरी टाकली, तीही तशीच. सुरुवातीला शेजारी हातातला चहा खाली ठेवून धक्का मारायला धावायचे. पुढेपुढे ते पडद्याआडून आधी अंदाज घ्यायला लागले. सिस्टर खालून ओरडायच्या, "दिसताय हो! या खाली, पोट कमी होईल!"

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं. पण मागच्या आठवड्यात त्या एका बाळंतिणीकडे पोहोचल्या आणि जिना चढतानाच वरून बाळाचं रडणं ऐकू आलं. त्या पायरीवरच थबकल्या. सगळं सुखरूप होतं, आजीने निभावून नेलं होतं, कोणी चकार शब्दाने बोललं नाही. पण उशीर म्हणजे काय हे सिस्टरांना इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. ते त्या दिवशी कळलं.

"आता पुरे कर की," मुलगा तेव्हापासून म्हणत होता. "काही विसरायला लागलं माणूस, तर त्यात लाज कसली?"

खरी भीती तिथेच होती. रोज संध्याकाळी त्या चपला घालून खाली जायच्या, गाडीचे दिवे बघायच्या, दिव्यांच्या काचेला हात लावून ती गरम तर नाही ना, याची खात्री करायच्या. तरी सकाळी 'टक्'. मग आपण खाली गेलो होतो ते आजच ना, की काल, असं मनात यायचं. दूध तर त्यांच्या घरात आयुष्यभर उतू गेलं होतं, पण हल्ली त्याचाही अर्थ लागायला लागला होता. आज गाडीत दोष सापडला नाही, तर बाळंतपणाची बॅग दुसऱ्या कुणाच्या तरी हाती द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. हे त्या कोणाला बोलल्या नव्हत्या.

वायरमनने बॅटरीची एक वायर सोडवली आणि बॅटरी आणि वायर यांच्या मध्ये एक छोटा बल्ब जोडला. गाडी बंद, चावी सिस्टरांच्या हातात, दारं लावलेली. तरी बल्ब पेटला.

"हे बघा," तो म्हणाला, "सगळे झोपलेत आणि घरात कुणीतरी गुपचूप खातंय. आता कोण ते शोधायचं."

तो एकेक फ्यूज उपसून परत बसवत गेला. बल्ब ढिम्म जळत होता. सिस्टर त्याच्याकडे अशा टक लावून बघत होत्या, जशी एखाद्या पेशंटची नाडी बघावी. एक फ्यूज निघाला आणि बल्ब विझला.

"सापडला!" मुलगा ओरडला.

"घर सापडलं, चोर नाही. याच्यावर आतले सगळे दिवे आहेत." वायरमनने तो फ्यूज परत बसवला, छताचा बल्ब काढला, बाहेरचा जळतच राहिला. समोरच्या खणातला काढला, तरी जळतोच. "मग राहिली डिकी. डिकी लावली की आतला दिवा विझायला हवा. तो विझत नसणार. बल्ब काढून टाकतो, काम झालं."

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "विझत नाही कशावरून?"

"आता दुसरं काही उरलंच नाही ना."

"मला बघायचंय."

"डिकी बंद केल्यावर कसं बघणार?"

"आत बसून."

"आई, काहीतरीच काय? फोनवर शूटिंग करू, फोन ठेवू आत," मुलगा म्हणाला.

"फोन कशाला? मी आहे की. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघून वायरमनने मुकाट्याने बॅटरीची वायर नीट जोडली. चावी वायरमनकडे आणि फोन मुलाकडे देऊन सिस्टर पदर खोचून डिकीत शिरल्या, जादा टायरशेजारी गुडघे पोटाशी घेऊन आडव्या झाल्या. "लावा," त्यांनी हुकूम सोडला. झाकण धप्पकन बसलं.

आता काळोख होणार म्हणून त्यांनी डोळे मिटले होते. ते हळूच उघडले. कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढा पिवळा दिवा निवांत जळत होता. त्याच्या उजेडात त्यांना टायरवरची नक्षी दिसली, आपला हात दिसला, हातावरच्या बांगड्या दिसल्या. त्या हसायला लागल्या. आधी नाकातल्या नाकात, मग पोट धरून.

"आई? रडतेयस का?"

"जळतोय रे!" आतून आवाज आला. "मेला चांगला जळतोय!"

वायरमनने हसत झाकण उचलायला हात घातला. झाकण हललं नाही. चावी घातली, फिरवली, दाबलं, ठोकलं. "लॅच वाकलंय," तो म्हणाला. "म्हणूनच दिव्याचं बटण दाबलं जात नाही. यात कुणी काही कोंबून झाकण आपटलं होतं का?"

मुलाचा चेहरा पडला. "माझं कपाट," तो पुटपुटला. "घर बदललं तेव्हा. बसत नव्हतं, म्हणून मी जरा जोरात..."

मग आतून आवाज आला, "कपाटाला काही झालं नाही ना?"

तेवढ्यात मुलाच्या खिशात सिस्टरांचा फोन वाजला. तो त्याने स्पीकरवर टाकून डिकीच्या फटीशी धरला. शिंप्याची आई होती.

"सिस्टर, सूनबाईला कळा सुरू झाल्या हो!"

"किती अंतराने?" डिकी म्हणाली. "पाणी गेलंय का? घाबरू नका. तिला चालती ठेवा, पाणी पाजा, आणि तुमच्या मुलाला खोलीबाहेर काढा."

"तुमचा आवाज असा काय येतोय? कुठे आहात?"

"गाडीतच आहे! निघतेच!"

वायरमनने मागची सीट उचकटली, तिच्या पाठीचे बोल्ट सैल करून पाठ पुढे ओढली. पलीकडच्या भोकातून आधी सिस्टरांचं डोकं आलं, मग एक खांदा. मुलाने दोन्ही काखांत हात घालून त्यांना अलगद बाहेर ओढलं.

"डोकं आलं की पुढचं सोपं असतं," त्या धापा टाकत म्हणाल्या.

वायरमन हसून हसून खाली बसला. फ्यूज काढून ठेवतो, लॅच उद्या बघू, म्हणाला. मुलाने चावीसाठी हात पुढे केला. "मी सोडतो तुला."

"तू बाजूला बस. बॅग धर."

चावी फिरली आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. वाटेत मुलगा एकदा "आई..." म्हणाला आणि थांबला. "समोर बघू दे," सिस्टर म्हणाल्या, पण गियर टाकून झाल्यावर डावा हात क्षणभर त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

शिंप्याच्या बायकोने चांगलीच वाट बघायला लावली. ऊन उतरता उतरता मुलगी झाली, ठणठणीत, जन्मतःच किरकिरी. तिला आईच्या कुशीत देऊन, हात धुऊन, शिंप्याच्या आईचा चहा उभ्यानेच घेऊन सिस्टर खाली आल्या.

गाडी भिंतीलगत उभी होती. मुलगा पुढच्या सीटवर काच खाली करून झोपला होता, तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला कललेली. तिरपं ऊन त्याच्या चेहऱ्यावर आलं होतं. त्याच्या कानशिलावरचे केस बरेच पिकले होते. हे कधी झालं, सिस्टरांना कळेना.

त्या गाडीला वळसा घालून उन्हाच्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. त्यांची सावली त्याच्या तोंडावर पडली, तो झोपेतच सुखावला. बॅग एका हातातून दुसऱ्या हातात घेत त्या बराच वेळ तशाच उभ्या होत्या.