कौतिक आबांच्या नावाची चिठ्ठी

योगराजचा मंडप-डेकोरेशनचा धंदा नरडाण्याजवळच्या खेड्यात. वर्षभरापूर्वी तो धुळ्यातल्या एका व्यापारी गटात शिरला. दर मंगळवारी सकाळी साडेसातला एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक असायची. पंचवीस-तीस छोटे व्यावसायिक यायचे. केटरर, फोटोवाला, गवंडी, भांडीवाला. नियम एकच होता: प्रत्येकाने दर आठवड्याला गटातल्या कोणासाठी तरी एक गिऱ्हाईक आणायचं. नाव-नंबर पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचा, उभं राहून वाचायचा. मग टाळ्या. रिकाम्या हाताने येणाऱ्याने सगळ्यांसमोर माफी मागायची.

योगराजला फायदा झाला होता. साक्रीपर्यंतची लग्नं मिळाली होती. एकमेकांना धरून वर जायचं, हे त्याला मनापासून पटलं होतं. पण हळूहळू गावात कोणी काही सांगू लागलं, की त्याच्या डोक्यात आधी चिठ्ठी यायची. कोणाच्या मुलीची सोयरीक जमली, चिठ्ठी. कोणाची भिंत खचली, चिठ्ठी.

त्या मंगळवारी त्याच्याकडे काहीच नव्हतं. मागच्या मंगळवारीही नव्हतं. बैठकीच्या आदल्या दिवशी गावात बातमी आली, कौतिक आबांना दवाखान्यातून घरी आणलं, डॉक्टरांनी हात टेकले. आबा गावचे सुतार, फुप्फुसं पार गेलेली. योगराजने हॉटेलच्या पायरीवर बसून चिठ्ठी लिहिली. फोटोफ्रेमवाल्या स्वप्नीलसाठी. आबांचं नाव, गाव, मोबाईलमध्ये सापडला तो नंबर.

"दोन-चार दिवसांत काम निघेल," त्याने उभं राहून वाचलं.

टाळ्या वाजल्या. मागून कोणी तरी म्हणालं, "ॲडव्हान्स बुकिंग!" आणि हशा पिकला. केटररने वाकून हळूच विचारलं, "दहाव्याचं जेवण कोणाकडे आहे?" योगराजही हसला. पुढ्यातली उपम्याची बशी मात्र त्याने बाजूला सरकवली.

दोन दिवसांनी दुपारी आबांच्या सुनेचा, दीपमालाचा, बोलावण्याचा फोन आला. "भाऊ, घर या जराखं. आबा बलाई राहिनात."

आबा खाटेवर उशीला टेकून बसले होते. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं सिलिंडर. डोळे मात्र स्वच्छ. दीपमालाने योगराजपुढे चहा ठेवला.

"योगराज," आबा थांबत थांबत म्हणाले, "हाऊ स्वप्नील कोन शे? मन्हा फोटोनी फ्रेम करस म्हने. सोनेरी की काळी, इचारी राहिंता. मालेच!"

नंबर आबांचाच होता. फोन त्यांनी स्वतः उचलला होता.

"मी आजून जित्ता शे ना रे?"

"दवाखान्यातल्याच कोणी तरी नंबर दिला असेल, भाऊ," दीपमाला म्हणाली. "किडे पडोत त्याच्या हाताला."

"तसंच असेल," योगराज म्हणाला.

शब्द तोंडातून निघाला आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली. याच माणसाने त्याच्या पहिल्या मंडपाला सागाच्या बल्ल्या दिल्या होत्या. स्टेजच्या फळ्या स्वतः रंधा मारून दिल्या होत्या. चार गावांत सांगत फिरले होते, की मांडव घालायचा तर आमच्या योगराजला बोलवा. कुठे नाव वाचलं नव्हतं, टाळी मागितली नव्हती.

"आबा, नंबर मी दिला," तो म्हणाला. मग चिठ्ठीचं, बैठकीचं, सगळं सांगितलं.

आबांनी नाकातली नळी सरळ केली. मग म्हणाले, "लोकेसनी टाळ्या वाजाड्यात?"

"हो."

आबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दीपमाला पुढे आली, त्याच्यापुढचा भरलेला कप उचलला आणि आत निघून गेली. योगराज मान खाली घालून बाहेर पडला.

पुढच्या मंगळवारी त्याने गट सोडत असल्याचं उभं राहून सांगितलं, कारणासकट. हॉलमध्ये कोणाचा चमचाही थांबला नाही. स्वप्नील उलट त्याच्यावरच डाफरला, "म्हातारा जिवंत आहे हे चिठ्ठीत लिहायला नको? माझा फोन फुकट गेला." गटाचे अध्यक्ष प्रेमराज मोठ्या भावासारखे खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "योगराजभाऊ, भावनेत वाहून जाऊ नका. गटाने तुम्हाला किती लग्नं दिली, ते आठवा." हातावरच्या अत्तराचा वास त्याच्या नाकात शिरला. या माणसांचा राग आला असता तर बरं झालं असतं. पण त्या खुर्च्यांमध्ये तो वर्षभर बसला होता, इतरांच्या चिठ्ठ्यांना त्यानेही टाळ्या वाजवल्या होत्या. खांद्यावरचा हात झटकून तो जिना उतरला. साक्रीकडची कामं त्यानंतर बंद झाली.

आबा सगळ्यांचे अंदाज चुकवून तगले. सिलिंडर भरून आणायला धुळ्याला जावं लागतं आणि दीपमालाचा नवरा सुरतेला कामाला आहे. एक दिवस योगराजने टेम्पो आबांच्या दारात उभा केला आणि ओट्यावरचं रिकामं सिलिंडर काही न विचारता उचललं. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तो जातो. दीपमाला रिकामं सिलिंडर बाहेर ठेवते, भरलेलं आत नेते. या बसा, असं म्हणत नाही. आबा खाटेवरून पाहतात, बोलत नाहीत. योगराजही उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नाही.