मंजुळाबाईंचा तिसरा निरोप

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हटलेले मला फारसे आवडत नाही, पण आता लाजून काय उपयोग? माझे झाकण उघडताना करकरते. एका बटणाची टोपी कधीच हरवली, तिथे नुसती पत्र्याची दांडी उरली आहे. मोबाइल नावाची चपटी मंडळी आमच्याही घरात आहेत आणि त्यांच्यात म्हणे हजारो गाणी मावतात. मावोत बापडी. मला जे सांगायचे आहे ते गाण्यांचे नाही.

माझी पहिली आठवण खामगावच्या एका दुकानातली आहे. एक्याण्णव सालच्या दिवाळीत अमडापूरच्या शाळेतले मराठीचे शिक्षक नारायणराव तिथे आले आणि त्यांनी मला विकत घेतले. एसटीत त्यांनी मला मांडीवर घेतले होते, खाली ठेवले नाही. घरी त्यांचा मुलगा शेखर तेव्हा रांगत होता. त्याने पहिल्याच दिवशी माझ्या बटणांवर खिरीचा हात फिरवला. तो चिकटपणा जायला महिना लागला, पण मी रागावलो नाही. ते माझे कौतुकाचे दिवस होते.

गल्लीतली माणसे मला ऐकायला ओट्यावर येऊन बसत. नारायणरावांच्या पत्नी मंजुळाबाई रोज फडक्याने मला पुसत. फक्त त्यांची एक अट होती, त्यांचा आवाज माझ्यात भरायचा नाही. "फुटक्या मडक्यावानी माहा आवाज, तो कायले भरता?" असे त्या म्हणत. त्या बोलू लागल्या की नारायणराव लगेच बटण दाबून मला थांबवत. म्हणून माझ्याकडे साऱ्या घराचे आवाज आहेत, एक त्यांचा नाही.

मग टीव्ही आला, पाठोपाठ मोबाइल आले आणि मी कपाटावर गेलो. तिथे किती वर्षे गेली ते विचारू नका. माझा आतला रबरी पट्टा वितळून चिकट झाला आणि माझी वाचा गेली. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने नारायणरावांची नजर गेली, तेव्हा कुठे त्यांना माझी आठवण झाली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात. माझ्या बाबतीत वैद्य मेला नव्हता, नुसता धुळीत पडला होता. चिखलीच्या अब्दुल गनींनी मला उघडले, स्पिरिटच्या बोळ्याने पुसले आणि नवा पट्टा घातला. "मास्तर, असा माल आता येत नाई. याले जपा," असे बजावून त्यांनी मला परत धाडले.

नारायणरावांना माझ्याकडून एक मोठे काम करून घ्यायचे होते. फार वर्षांपूर्वी खामगावच्या रद्दीत त्यांना एक जाड पुस्तक सापडले होते. हिब्रू लोकांच्या प्राचीन धर्मग्रंथाचे ते मराठी भाषांतर होते. नजर होती तोवर त्यांनी ते पुन्हा पुन्हा वाचले. देवधर्मासाठी नव्हे, त्या गोष्टी कशा सांगितल्या आहेत ते पाहण्यासाठी. त्यावर मुलांसाठी एक पुस्तक लिहावे हे त्यांच्या मनात होते. लिहिता येत नव्हते, म्हणून ते माझ्यासमोर बसून बोलत. त्यांची जुनी विद्यार्थिनी कौसर, म्हणजे अब्दुल गनींची मुलगी, आता त्यांच्याच शाळेत मराठी शिकवते. ती शाळेआधी येऊन ते वहीत उतरवून घेई.

"हे सांगणारे लोक फार कमी बोलतात," नारायणराव म्हणत. "अमक्याला दुःख झाले, तमक्याचा जीव कासावीस झाला, असे ते लिहीतच नाहीत. माणूस काय बोलला आणि त्याने काय केले, एवढेच. बाकीचे ऐकणाऱ्याने ओळखायचे."

मग ते उदाहरण देत. एका म्हाताऱ्या बापाला देव सांगतो, तुझा लाडका मुलगा डोंगरावर नेऊन मला बळी दे.

"सर, ही तं आमच्या बकरी ईदची गोष्ट," कौसर म्हणाली.

"हाव, तीच. सांगायची तऱ्हा जराशी वेगळी."

बाप तीन दिवस चालतो, पण त्याच्या मनात काय चालले आहे याचा एक शब्द नाही. 'दोघे सोबत चालत गेले' असे वाक्य येते. मग मुलगा विचारतो, लाकडे आहेत, विस्तव आहे, बळीचे कोकरू कुठे आहे? बाप काहीतरी उत्तर देतो आणि पुन्हा तेच वाक्य येते, 'दोघे सोबत चालत गेले'. शब्द तेच, पण आता ते ऐकवत नाही. शेवटी मुलगा वाचतो. मात्र डोंगरावरून परत आल्याचे लिहिले आहे ते फक्त बापाविषयी. मुलाचे नाव तिथे नाही. ते का गाळले असेल, यावर लोक हजारो वर्षे विचार करत आहेत.

मंजुळाबाई पलीकडे तूर पाखडत होत्या. नारायणरावांनी घाईने मला थांबवले.

"अन त्या पोराच्या मायले सांगतलं होतं काय, त्याले कुठं नेऊन राह्यलो ते?"

"गोष्टीत तिचा उल्लेखच नाही."

"म्हणजे तिले कोनी निरोपच देला नाही. मोठे आले सांगनारे!"

नारायणराव खूप हसले. पण त्या दिवशी त्यांनी मला पुन्हा सुरू केले नाही.

निरोपाचे या घरात फार प्रस्थ होते. हिब्रू गोष्टींत निरोप्या आला की तो मालकाचे शब्द जसेच्या तसे म्हणतो. कुठे एखादा शब्द बदलला तर समजावे की त्यात काही आहे. मालकाच्या मुलासाठी मुलगी शोधायला गेलेला एक नोकर विहिरीवर एका मुलीला सोन्याची नथ काढून देतो आणि मग विचारतो, तू कुणाची? तिच्या घरी हीच हकिगत सांगताना मात्र तो म्हणतो, आधी मी विचारले आणि मग नथ घातली. नुसता क्रम बदलला, पण सासरवाडीपुढे तो किती जपून बोलतो आहे ते कळले. हे वाचून नारायणरावांनी घरात नियम केला होता की निरोप आणणाऱ्याने त्यात पदरचे काही घालायचे नाही. शेखर या नियमात वाढला. लहानपणी तो दुकानदाराचा निरोपसुद्धा खोकल्यासकट आणी.

यंदाच्या उन्हाळ्यात, एका सोमवारी संध्याकाळी मंजुळाबाईंना धाप लागली. शेखर रातोरात पुण्याहून आला आणि मंगळवारी सकाळी त्यांना खामगावच्या दवाखान्यात घेऊन गेला. अतिदक्षता विभागात फोन चालत नाही आणि भेटायला दिवसातून दोनदा पाच-पाच मिनिटे मिळत. नारायणरावांच्या स्वतःच्या हृदयाचे ऑपरेशन होऊन वर्षही झाले नव्हते, म्हणून त्यांना घरीच ठेवले. शेखर संध्याकाळी जीपने घरी येई आणि आईचा निरोप सांगे. "टेपात ठेव," नारायणराव म्हणत. "मले पुन्हा आयकता येईन."

मंगळवारचा निरोप असा होता. "गोळ्या टायमावर घेजा, टेप बंद ठेवू नोका, मी आयतवारी येतो." आयतवार म्हणजे रविवार, आणि आमच्याकडे बायकाही 'येतो'च म्हणतात.

बुधवारचा निरोप. "गोळ्या टायमावर घेजा, टेप बंद ठेवू नोका, मी येतो."

गुरुवारी शेखर माझ्यासमोर बसला. मग बोलला, "गोळ्या टायमावर घेजा, टेप बंद ठेवू नोका." आणि त्याने बटण दाबले.

मित्रांनो, मी हे तिन्ही निरोप ऐकले, नीट जपले आणि मला त्यात काही वावगे वाटले नाही. मी माझ्या इमानदारीचा मोठा तोरा मिरवत होतो. ऐकले ते जसेच्या तसे सांगतो, असे म्हणत होतो. जे मला ऐकवलेच नाही त्याचे काय, हा विचार माझ्या टाळक्यात आला नाही. तो एका आंधळ्या माणसाला आला.

शुक्रवारी सकाळी कौसर आली. शेखर निघण्याच्या तयारीत थर्मासमध्ये चहा भरत होता. नारायणराव म्हणाले, "कौसर, तिन्ही निरोप एकामागं एक लाव." तिने लावले. "पुन्हा लाव." तिने पुन्हा लावले. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता.

"शेखर, इकडं ये. मंगळवारी तिनं तीन गोष्टी सांगतल्या. बुधवारी त्यातला आयतवार गेला. काल तिसरी गोष्टच गेली. कुठं ठेवली तू ते?"

"बाबा, मी खोटं काहीच बोललो नाही."

"खोटं बोलला असं मी म्हनतच नाही. तुले खोटं जमत नाही, म्हनून तं तू गाळलं. 'मी येतो' म्हनली असती तं तू आनलं असतं. ती दुसरं काही तरी म्हनली. काय म्हनली?"

शेखरने थर्मास खाली ठेवला. तो चौतीस वर्षांचा बाप्या माणूस, पण शाळेत पट्टीचा मार खाणाऱ्या पोरासारखा हात पुढे करून उभा होता.

"आई म्हणाली, आता तुमीच या."

कौसरच्या हातून माझे बटण बंद करायचे राहून गेले आणि मी कोरी टेप फिरवत राहिलो.

"कवा?"

"काल सकाळी."

"अन मले काऊन नाही सांगतलं?"

"डॉक्टर म्हणाले, तुम्हाला धक्का सोसणार नाही. एकाच आठवड्यात दोघंही गेले तर मी काय करू, असं वाटलं. मी घाबरलो, बाबा. निरोपात पदरचं काही घालायचं नाही, एवढाच नियम होता. मी घातलं काहीच नाही."

शेखर रडू लागला. नारायणरावांनी हात पुढे केला, चाचपडत त्याचे डोके शोधले आणि त्यावर हात ठेवला. "जीप बोलाव," ते एवढेच म्हणाले. कौसरने शाळेत रजा कळवली आणि त्यांच्या गोळ्या पर्समध्ये टाकून तीही सोबत गेली. मी घरी राहिलो. टेप संपली तेव्हा माझे बटण आपोआप खटकन वर आले.

पुढचे मला कळले ते कौसरच्या तोंडून. अब्दुल गनी भेटायला आले तेव्हा तिने ते ओट्यावर बसून त्यांना सांगितले. हे तिघे अकरा वाजता दवाखान्यात पोचले. त्याआधी दोन तास मंजुळाबाईंना श्वासाच्या यंत्रावर घेतले होते. तोंडात नळी होती, बोलता येत नव्हते. नर्स एकट्या नारायणरावांनाच आत सोडणार होती, पण त्यांना दिसत नाही म्हटल्यावर कौसरला हात धरून जाऊ दिले. "मंजुळा, आलो," ते म्हणाले. मंजुळाबाईंनी त्यांची बोटे दाबली. मग पाच मिनिटे संपली. शनिवारी असेच दोनदा झाले. त्याच रात्री त्या गेल्या आणि रविवारी त्यांना घरी आणले.

"गुरुवारी गेलो असतो तं ती बोलली असती," हे नारायणराव एकदाच म्हणाले, तेही कुणाला उद्देशून नव्हे. शेखर दारात उभा होता. त्याने ते ऐकले. ज्यांना धक्का सोसणार नाही अशी भीती होती ते सोसून बसले होते. न सोसणारा दारात उभा होता.

तेरावे झाल्यावर शेखर माझ्याजवळ आला. गुरुवारच्या निरोपावर त्याला पुरा निरोप भरायचा होता, म्हणजे जुना आपोआप पुसला जाईल. पण नारायणरावांनी त्याला थांबवले.

"पुसू नोको. तू गाळलं तेही राहू दे. त्याच्यापुढं जागा आहे, तिथं बोल."

"बाबा, ते ऐकून तुम्हाला रोज त्रास होईल."

"होऊ दे. माह्यासाठीच पाठवलं होतं ते."

शेखर बसला. त्याने लाल बटण दाबले आणि मान खाली घालून तीनही गोष्टी बोलला. तिसऱ्या गोष्टीला त्याचा आवाज चिरला. त्याने पुन्हा भरले नाही. मग नारायणरावांच्या सांगण्यावरून कौसरने कॅसेटच्या पाठीवरच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या टिकल्या सुरीने मोडल्या. त्या मोडल्या की त्या कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. शेखर पुण्याला गेला. आता तो रोज फोन करतो आणि फोनवर फार बोलत नाही.

नारायणरावांचे पुस्तक अर्धे राहिले आहे. कौसर अजून शाळेआधी येते, वही उघडते, थोडा वेळ थांबते आणि वही मिटते. मला आता पुसणारे कोणी नाही. माझा पट्टा पुन्हा सैल पडू लागला आहे. आवाज कधीकधी घोगरा येतो आणि मला भीती वाटते की ती कॅसेट एक दिवस माझ्याच पोटात गुंतून तुटेल. मला जपा, असे मी म्हणणारच. म्हातारी वस्तू दुसरे काय म्हणणार? तुमच्या घरी कपाटावर माझा एखादा भाऊबंद पडला असेल तर त्याला खाली काढा, त्याच्यात कुणाचा आवाज आहे ते पाहा.

पण त्याहून मोठे एक मागणे आहे. मित्रांनो, कुणी तुमच्यापाशी निरोप दिला तर तो पुरा पोचवा. ऐकणाऱ्याला तो पेलेल की नाही, हे तुम्ही ठरवू नका. तुम्ही मायेपोटी एक वाक्य गाळाल, आणि तिकडे ज्याने निरोप पाठवला तो दाराकडे डोळे लावून असेल. मंजुळाबाई त्या गुरुवारी दिवसभर दाराकडे पाहत होत्या. नर्सने ते कौसरला सांगितले, आणि कौसरने ते अजून नारायणरावांना सांगितलेले नाही.