पट्टी बांधणारे हात

“उस्ताद, कॅमेरा चालू आहे. बांधा की!” दिग्दर्शक म्हणाला.

उस्तादांच्या हातात पट्टी होती आणि समोर नटाने पसरलेला पंजा. एका गाजलेल्या मुष्टियोद्ध्यावर सिनेमा निघत होता, आणि गुरूचं काम दुसरा नट करत असला तरी पट्टी बांधणारे हात खऱ्या गुरूचेच हवेत म्हणून उस्तादांना मानाने बोलावलं होतं. त्यांनी पट्टी थेट बोटांवरूनच गुंडाळायला घेतली. ते पाहून कोपऱ्यात बसलेल्या त्यांच्या पत्नी, काकू, खुर्चीच्या कडेला सरकल्या. आधी अंगठ्यात फास, मग मनगट, मग पंजा. त्यांना हे झोपेतही आलं असतं.

कारण पट्टी बांधायच्या त्याच. कारखान्यातल्या यंत्राने उस्तादांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची बधिर केली होती, आणि काकू दवाखान्यात जखमा बांधायचं काम करत. प्रत्येक लढतीआधी तो विजेता त्यांच्या स्वयंपाकघरात हात पुढे करून बसायचा, आणि बांधलेले हात कोटाच्या खिशात लपवून निघायचा. बाहेर कळलं असतं तर ‘याची तालीम बायकोच चालवते’ म्हणून लोकांनी उस्तादांची टोपी उडवली असती. तिघांनी चाळीस वर्षं तोंडाला कुलूप घातलं. विजेता तर ते गुपित घेऊनच गेला.

“अहो, हात कापतो ना हल्ली,” काकू सावरून घेत उठल्या. “द्या, तुम्ही शिकवलंय तसं मी...”

“मी कुठे शिकवलं?” उस्तादांनी पट्टी त्यांच्या हातात ठेवली. “मला हे कधी जमलंच नाही, साहेब. सगळ्या लढतींना हिनेच बांधलंय.”

धरणी दुभंगेल तर बरं, असं काकूंना झालं. दिग्दर्शकाने डोकं खाजवलं. गोष्ट तर लिहून झाली होती. गुरू पट्टी बांधता बांधता जोरदार भाषण ठोकतात, तोच तर मोठा प्रसंग! शेवटी तोड निघाली. काकूंनी बांगड्या उतरवल्या, पुरुषी सदरा चढवला, आणि कॅमेऱ्याने त्यांचे फक्त हात टिपले.

सिनेमा लागला तेव्हा दोघं दुपारच्या खेळाला गेली. पडद्यावर काकूंचे हात सराईतपणे फिरत होते आणि गुरू झालेला नट गरजत होता. लोकांनी टाळ्या पिटल्या.

“मी असलं काही बोललो नव्हतो,” उस्ताद कुजबुजले. “तू काय म्हणायचीस गं त्याला?”

“काय म्हणणार? घट्ट झालं तर सांग म्हणायचे. आणि आल्यावर पट्ट्या भिजत टाक, नाहीतर रक्ताचे डाग निघत नाहीत.”

उस्ताद खुदकन हसले. पुढच्या रांगेतल्या बाईने वळून डोळे वटारले.

सिनेमा संपला, दिवे लागले. पडद्यावर नावं सरकू लागली तशी काकूंनी पिशवी उचलली. “चला, गर्दी व्हायच्या आत निघू.”

“थांब जरा.”

उस्ताद चष्मा पुसून एकेक नाव वाचत होते. कपडे शिवणारे, गाड्या चालवणारे, चहा देणारे. काकूंनी दोनदा कोपर मारलं. झाडूवाली रांगा झाडत जवळ येऊन थांबली. शेवटचं नावही वर गेलं, काकूंचं आलंच नाही. कोऱ्या पडद्यासमोर उस्ताद तसेच उभे राहिले, पुढच्या खुर्चीची पाठ धरून.