ओल्या लाकडाचे तीन हिवाळे

जवळ या मित्रांनो, पण हात लावू नका, भाजेल. मी एक जुनी बिडाची शेगडी आहे. चार आखूड पाय, पुढे दार, मागे धुराडं आणि दोन्ही कुशींवर एकेक ओतीव हरीण. नॉर्वेच्या टेलेमार्क मुलखात अस्लाक नावाच्या सुताराच्या घराला लागून त्याची कामाची खोली आहे. तिच्या कोपऱ्यात मी उभी असते. जागचं हलता येत नाही म्हणून की काय, मला चौकशा फार! कोण आलं, कशाला आलं, बुटांना बर्फ किती चिकटलाय, सगळं मला कळायला हवं असतं.

माझा जन्म वाळूत झाला. ओतशाळेत वाळूचा साचा करून त्यात वितळलेलं लोखंड ओतलं आणि मी झाले. होडीतून, मग घोड्याच्या घसरगाडीतून मी इथे आले. तेव्हा घरात अस्लाकच्या वडिलांचं राज्य होतं. पुष्कळ वर्षं मी घराच्या बैठकीत मानानं राहिले. मग भिंतीवर विजेचा हीटर आला आणि चौघांनी मला उचलून या खोलीत आणून टाकलं. फार वाईट वाटलं होतं. पण आठ दिवसांत माझा राग पळाला. बैठकीत लोक नुसते बसतात हो, इथे काहीतरी घडत असतं! वाफेवर धरलेली फळी वाकून तिची खुर्चीची पाठ होताना मी इथेच पहिल्यांदा पाहिली. लाकूड चिकटवायच्या सरसाचं भांडं माझ्याच डोक्यावर असतं. सरस गार झाला तर सांधा धरत नाही, म्हणजे अस्लाकच्या प्रत्येक खुर्चीत माझाही वाटा आहे.

लाकूड फोडायचं काम अस्लाकचं आणि रचायचं त्याच्या बायकोचं, गुरोचं. खिडकीतून मला ते दिसायचं. आमच्या गावात लाकडाची रास रस्त्याकडेला रचतात आणि येणारेजाणारे ती बघून घरातल्या माणसांची किंमत ठरवतात. गुरोची रास वाकडीतिकडी, जागोजाग भोकं. अस्लाकला लाज वाटायची.

"अगं, ही रास आहे की कावळ्याचं घरटं?"

"शेगडीला जळायला लाकूड हवं, बघायला नको," गुरो म्हणायची. "तुला बघायचं असेल तर खुर्च्या बघ."

पुढे गुरोची कंबर धरली आणि रचायचं काम अस्लाककडे आलं. तीन वर्षं झाली त्याला. अस्लाकनं काय केलं, तिची शेवटची रास उचलून तशीच्या तशी गोठ्यामागे नेऊन ठेवली आणि रस्त्याकडेला स्वतःची भिंतीसारखी सरळ रचली. भूर्जाचं एकेक फाडकं त्यानं सांध्यात बसवल्यासारखं बसवलं. नख शिरेल एवढी फट नाही! गाव लोटलं बघायला. लोक सायकली थांबवायचे. अस्लाक खिडकीशी उभा राहून, आपलं लक्षच नाही असं दाखवत, सगळं ऐकायचा.

मी मात्र हैराण झाले. मित्रांनो, मला जग कळतं ते तोंडातून. सुकलेला भूर्ज धपकन पेटतो. ही लाकडं तोंडात घातली की फुसफुसायची आणि त्यांच्या टोकांना फेस यायचा. माझी सगळी ऊब पाणी आटवण्यातच जायची. खोली तापेना, सरस घट्ट होऊ लागला. मला कुतूहल वाटे, एवढं देखणं लाकूड असं रडतं का? पण विचारणार कशी? आणि अस्लाक तर माझ्यावरच घसरला.

"म्हातारी झाली ही. दम नाही राहिला."

नाचता येईना अंगण वाकडं! वर विस्तव जास्त वेळ टिकावा म्हणून तो माझी हवेची झडप बंद करायचा. श्वास कोंडून कोणी जोरात काम करतं का? धूर धुराड्यात साचत गेला.

मग नोव्हेंबरात सरकारतर्फे धुराडी तपासून साफ करणारी रानवाइग आली. तिनं छपरावरून साखळीचा गोळा सोडला आणि माझ्या मागून परातभर चकचकीत काळं डांबर काढलं.

"अस्लाककाका, हे पेटलं ना, तर छप्पर राहणार नाही. नाताळानंतर परत येते. असंच सापडलं तर शेगडीला बंदी लिहीन."

अस्लाकनं वळून खोलीतल्या कामाकडे पाहिलं. दोन खुर्च्या अर्ध्या होत्या. मी विझले तर ही खोली वसंतापर्यंत बर्फाची पेटी.

"बरं झालं," घराच्या मधल्या दारातून गुरो म्हणाली. "चौऱ्याहत्तरी गाठलीस. आत ये, खिडकीत बस."

"खिडकीत बसून काय करू? मेलेल्या माशीसारखा?"

तो हे हसत म्हणाला. मला मात्र भीती वाटली. खोली बंद म्हणजे अस्लाक बंद, एवढं मला नक्की कळत होतं.

"लाकूड दाखवा आधी," रानवाइग म्हणाली.

त्यानं अभिमानानं तिला रस्त्याकडेला नेलं. मी खिडकीतून डोळे ताणले. तिनं राशीच्या मधून एक फाडकं उपसलं, एक वरचं घेतलं, दोन्ही एकमेकांवर आपटली. बद्द! मग ती गोठ्यामागे गेली आणि तिथली दोन आणून आपटली. टण्ण!

"ही सुकलेली कोणी रचली?"

अस्लाक बुटानं बर्फ उकरू लागला.

"काका, रास अशी हवी की उंदीर आरपार पळाला पाहिजे, मागची मांजर अडकली पाहिजे. तुमच्या भिंतीत मुंगी गुदमरेल. वारा जाणार कुठून? आत बुरशी धरलीय."

ती गेल्यावर अस्लाकनं सरस ढवळायची काडी खाली ठेवली. तो गुरोसमोर जाऊन उभा राहिला.

"चूक माझी. तीन हिवाळे तुझ्या राशीला हसलो. गोठ्यामागे लपवली मी ती, लोकांना दिसू नये म्हणून."

"माहितीय मला," गुरो म्हणाली. "आता शेगडीलाही सांग. तिलाच जास्त बोललायस."

आणि मित्रांनो, तो सत्तरी उलटलेला गडी खरंच माझ्यापुढे वाकला. कान लाल झाले होते. "बाई गं, माफ कर," एवढंच म्हणाला. मला इतकं भरून आलं, पण लोखंडाला रडता येत नाही.

तो हिवाळा आम्ही गुरोच्या राशीवर काढला. नाताळानंतर रानवाइग आली, तिला डांबराऐवजी नुसती कोरडी काजळी मिळाली. खुर्च्या झाल्या. एप्रिलात, चर्च सुटून सगळं गाव रस्त्यावर असताना, अस्लाकनं आपली लाकडांची भिंत स्वतःच्या हातानं ढकलून दिली. लोक हळहळले. कुणीतरी विचारलं, "वेड लागलं का रे?" गुरो नव्या खुर्चीत शाल पांघरून बसली होती. तो रास नव्यानं रचताना एकेक फाडकं ठेवी आणि तिच्याकडे बघे.

"इतकं नीट नको रे! तिरकं. अजून तिरकं."

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी जुनं कुरकुरत असेल, शेगडी असो की माणूस, तर त्याचं वय काढण्याआधी एवढं बघा: आपण त्याला काय देतोय, आणि त्याला श्वास घ्यायला जागा ठेवलीय का.