टिग नको म्हणणारे अप्पा

बेकरीच्या भट्टीची वाफ बाहेर काढायला स्टेनलेस स्टीलचा डक्ट बनवायचं काम वर्कशॉपमध्ये आलं होतं. पत्रा इतका पातळ की हाताने दाबला तरी लवायचा. सून म्हणाली, "अप्पा, हा टिग वेल्डिंगनेच जोडू. आर्गॉन गॅस आणून ठेवलाय. मी करते सावकाश."

सासऱ्याने नेहमीच्या वेल्डिंग रॉडचा होल्डर उचलला. "टिग म्हणजे नुसतं भरतकाम. तू पाळण्यात होतीस तेव्हापासून मी रॉडने टाक्या जोडतोय."

"टाक्यांचा पत्रा जाड असतो. हा जळेल."

ती जेवून परत आली तोवर पत्र्याची चाळण झाली होती. भोकं बुजवायला घातलेल्या गाठी, गाठींशेजारी नवी भोकं, आणि तुकडा पार पिळवटलेला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझं ऐकलं तर कमीपणा येतो का तुम्हाला?"

"माझ्या वर्कशॉपमध्ये मला शिकवू नकोस!"

"मग टिगने करून दाखवा! घ्या!" तिने टिगची वेल्डिंग टॉर्च त्याच्या हातात कोंबली.

त्याने मुखवटा चढवला, वाकला, आणखी वाकला. ठिणगी पडली ती सांध्यापासून बोटभर लांब. चांगला पत्रा वितळू लागला, तरी त्याचा हात तसाच पुढे सरकत राहिला. तिने धावत जाऊन मशीन बंद केलं.

"अप्पा, सांधा दिसत नाही तुम्हाला?"

त्याने मुखवटा काढला. "धुकं आलंय डोळ्यांपुढे. रॉडने काम आजवरच्या सवयीवर निभतं. टिगला नजर लागते."

क्षणभर तिला वाईट वाटलं. मग एकदम आठवलं, आणि ती दुप्पट भडकली.

"आणि रोज सकाळी माझ्या लेकीला स्कूटरवर मागे बसवून शाळेत सोडता?"

"तुला सांगितलं असतं तर घरी बसवलं असतंस मला."

"बसवलंच असतं!" ती ओरडली. "किल्ली द्या."

त्याने खिसे उगाच चाचपले. तिने हात मागे घेतला नाही. शेवटी त्याने किल्ली तिच्या तळहातावर आपटली.

डक्ट तिने नव्या पत्र्याचा केला, टिगने. तो बाहेर स्टुलावर पाठ फिरवून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी ती त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दवाखान्याच्या दारात तो पुटपुटला, "टिगचं तुझं बरोबर होतं."

"आत्ता माझ्याशी बोलू नका."

पायऱ्यांवर त्याने तिचा हात झिडकारला. तिने त्याचा हात पुन्हा धरला, जरा जोरातच.